टीप मारण्याआधी

मार्च 2013 मध्ये कॅनडातल्या लुलुलेमन या कंपनीने आपल्या दुकानांतून काळ्या योगा पँट परत बोलावल्या. कारण सांगायलाही संकोच वाटावा असं होतं. पँट घालून वाकलं की कापडातून आरपार दिसायचं. त्या वेळी विक्रीला असलेल्या बायकांच्या पँटांपैकी सुमारे 17 टक्के माल काढून घ्यावा लागला. विक्रीचं नुकसान 6.7 कोटी डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज होता. कापड पुरवलं होतं तैवानच्या एक्लॅट टेक्स्टाइलने. त्यांनी हात झटकले: माल ठरल्याप्रमाणेच होता, आणि तुम्हीच मान्य केलेल्या तपासणीतून तो पुढे गेला होता. कापडाच्या काही गुणांसाठी आपल्या चाचण्या अपुऱ्या होत्या, हे पुढे कंपनीलाही कबूल करावं लागलं. तेव्हाच्या मुख्याधिकारी क्रिस्टीन डे यांनी तर गुंतवणूकदारांना सांगितलं की हा दोष पकडायचा एकच खरा मार्ग आहे, पँट घालून वाकून बघायचं.

कंपनी म्हणत होती, असं नको होतं. पुरवठादार म्हणत होता, सांगितलं तसंच केलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. 1998 पासून धंद्यात असलेल्या कंपनीची ही गत झाली, तर पहिल्यांदाच पाचशे नग शिवून घेणाऱ्याची काय होईल? नव्या ब्रँडचे पैसे बहुतेक वेळा याच फटीत अडकतात. मागणी देणाऱ्याने जे लिहिलं नाही, ते शिवणारा आपल्या सोयीने ठरवतो. दोरा हाताशी असेल तो, बकरम कपाटात असेल ते, माप मास्टरच्या सवयीचं. त्यात लबाडी असतेच असं नाही. कारखान्यात एका वेळी अनेकांची कामं चालू असतात, आणि एखादी बाब तुमच्या मनात काय होती हे विचारायला तिथे कोणी थांबत नाही. त्यामुळे चुका टाळायचं बरंचसं काम पहिली टीप पडण्याआधी, कागदावर उरकायचं असतं.

एक टी-शर्ट, अनेक हात

पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात बसून टी-शर्टचा ब्रँड काढणाऱ्यांपैकी बरेच जण शेवटी तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला पोचतात. विणीचे, म्हणजे होजिअरीचे कपडे तिथे एकवटले आहेत. शर्ट-कुर्त्याचं कापड भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या मागांवर मिळतं, गणवेशासाठी सोलापूर, जीन्ससाठी उल्हासनगर. नवख्याला वाटतं, कारखाना म्हणजे एक इमारत. एका दाराने सूत आत जातं आणि दुसऱ्याने घडी केलेला टी-शर्ट बाहेर येतो. प्रत्यक्षात सूत एका गिरणीचं, विणकाम दुसऱ्याकडे, रंगाई तिसऱ्याकडे, कापड दाबून आटवण्याचं काम चौथ्याकडे, कटिंग-शिलाई पाचव्याकडे आणि छपाई सहाव्याकडे होऊ शकते. प्रत्येकाचं चलान वेगळं, बिल वेगळं आणि चुकीची व्याख्याही वेगळी.

इथे पहिला मोह होतो तो पैसे वाचवण्याचा. कापड आपणच घ्यायचं आणि शिलाई जॉबवर्कवर द्यायची, म्हणजे मधला नफा वाचतो. वाचतोही, पण कापडात खोट निघाली तर शिलाईवाला रंगाईवाल्याकडे बोट दाखवतो, रंगाईवाला सुताकडे, आणि मधल्या मध्ये तुमच्या नावावर पाच-सहाशे किलो कापड पडून राहतं. कापडातली माहिती नसलेल्याने पहिली खेप तरी कापडासकट सगळी जबाबदारी एकाच कारखान्यावर टाकावी. दर थोडा जास्त पडेल, पण चुकीचा धनी एकच राहील.

हाताला लागतं ते कापड नव्हे

"चांगलं कॉटन पाहिजे" या मागणीला कारखान्यात काहीच अर्थ नसतो. तिथली भाषा काउंट आणि जीएसएमची आहे. काउंट म्हणजे सुताची जाडी: एका पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो आकडा. म्हणून आकडा मोठा तितकं सूत बारीक. तीसच्या सुतापेक्षा वीसचं सूत जाड. त्यापुढे सूत कॉम्ब्ड की कार्डेड हे विचारायचं. कॉम्ब्ड सुतातून आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे ते गुळगुळीत असतं आणि त्यावर गोळे कमी येतात. कार्डेड स्वस्त पडतं. लिहिलं नाही तर यातलं कुठलं येईल, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. शंभर चौरस सेंटिमीटरची गोल चकती कापणारा कटर आणि बारीक काटा पुरतो. चकती 1.8 ग्रॅम भरली की कापड 180 जीएसएमचं. विणीचं कापड किलोवर विकलं जातं, म्हणून हा आकडा थेट खिशाला लागतो. समजा एका टी-शर्टला कातरणीसकट 1.1 चौरस मीटर कापड लागतं. 180 जीएसएमचं असेल तर 100 किलोत सुमारे 500 टी-शर्ट निघतात. तेच कापड 200 जीएसएमचं आलं तर सुमारे 450. पन्नास टी-शर्ट कोणी चोरले नाहीत, ते वजनात गेले. उलट कापड हलकं आलं तर नग भरतील, पण पांढरा टी-शर्ट उन्हात पारदर्शक दिसेल. म्हणून नुसतं "180 जीएसएम" लिहून भागत नाही. "180, पाच टक्के वर-खाली चालेल, त्यापलीकडे माल परत" असं लिहावं लागतं.

मागावरच्या कापडात आणखी एक खाच आहे, ती खळीची. विणताना ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते. ती नीट धुतलेली नसली, किंवा शेवटी पुन्हा कडकपणा आणणारं फिनिश चढवलेलं असलं, तर कापड हाताला भरदार लागतं आणि पहिल्या धुण्यात चिंधीसारखं लुळं पडतं. त्यामुळे वजन मोजायचं ते धुतल्यानंतर. पन्नाही स्वतः मोजायचा. हिशेब 58 इंची पन्न्यावर केला आणि तागे 56 इंची निघाले, तर कटिंग मास्टरने कितीही जुळवाजुळव केली तरी कापड कमी पडणारच.

तंतूचं नाव तर अजिबात गृहीत धरू नये. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने वेल्स्पन इंडियाशी व्यवहार तोडला. इजिप्शियन कॉटनच्या नावाने घेतलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत दुसराच कापूस वापरला गेल्याचं आपल्या चौकशीत आढळलं, असं टार्गेटने जाहीर केलं होतं. ब्रँडचं नाव लेबलवर असतं, त्यामुळे गिऱ्हाइकापुढे उत्तर ब्रँडलाच द्यावं लागतं. घरच्या घरी करायची साधी तपासणी म्हणजे धागा जाळून पाहणं. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्रणाचे नेमके टक्के हवे असतील किंवा लेबलवर मोठा दावा करायचा असेल, तर मात्र प्रयोगशाळेचा अहवाल घ्यायलाच हवा.

आटणं, पिळणं, रंग सोडणं

विणीचं सुती कापड आटतंच. प्रश्न फक्त किती, एवढाच असतो. 28 इंच उंचीचा टी-शर्ट सात टक्के आटला तर जवळजवळ दोन इंच गेले, आणि गिऱ्हाईक तो दुसऱ्यांदा घालत नाही. चाचणी सोपी आहे. कापडावर न जाणाऱ्या शाईने 50 सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, तुमचं गिऱ्हाईक धुईल तसं तीनदा धुऊन वाळवायचं आणि पुन्हा मोजायचं. बाजू साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर भरली तर आटणं पाच टक्के. ते कळलं की मास्टर त्या बेताने पॅटर्न वाढवतो. 28 इंच टिकवायचे तर साडेएकोणतीस इंच कापतो. मागावरच्या कापडासाठी हा प्रश्न सॅन्फर्ड क्लुएट या अमेरिकी गृहस्थाने सोडवला. 1930 मध्ये पेटंट मिळालेल्या त्याच्या प्रक्रियेत कापड आधीच दाबून आटवून घेतात. सॅन्फोराइज्ड म्हणतात ते हेच. विणीच्या कापडासाठी असंच काम कॉम्पॅक्टिंगमध्ये होतं. ते करून घ्यायचं आहे, हे लिहावं लागतं.

त्याच चौकोनावरून दुसरा दोषही दिसतो, पिळण्याचा. धुतल्यावर चौकोन तिरका झाला तर टी-शर्टची बाजूची शिवण पुढे पोटावर येणार. हा दोष बराचसा सुताच्या पिळातून आणि विणीतून येतो, शिलाईवाल्याच्या हातात तो नसतो. रोलवर गच्च ताणून गुंडाळलेलं कापड, विशेषतः लायक्रा असलेलं, उलगडून एक दिवस मोकळं ठेवावं आणि मगच कापावं. घाईत हा दिवस वाचवला जातो आणि कापलेले तुकडे टेबलावरच आखडतात.

रंगाच्या भानगडी मोबाइलवरच्या फोटोपासून सुरू होतात. प्रत्येक पडदा रंग वेगळा दाखवतो, म्हणून रंग पँटोनच्या कापडी क्रमांकावरून किंवा हातात धरता येईल अशा कापडाच्या तुकड्यावरून ठरवायचा. रंगाईवाला आधी छोट्या तुकड्यांवर छटा काढून देतो, त्यांना लॅब डिप म्हणतात. त्या दिवसाच्या उजेडातही पाहायच्या आणि दुकानाच्या दिव्याखालीही, कारण दोन छटा एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळ्या पडतात. पसंत केलेल्या तुकड्यावर सही करून अर्धा आपल्याकडे ठेवायचा. एवढं करूनही रंगाईच्या दोन घाण्यांत छटा किंचित बदलतेच. म्हणून एका कपड्याचे सगळे तुकडे एकाच रोलमधून कापले जावेत, आणि थरांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लागाव्यात, नाहीतर पाठीपेक्षा बाही गडद निघते.

रंग टिकतो का, हे पाहायला पांढऱ्या फडक्याने कोरडं घासायचं, मग ओल्याने. प्रयोगशाळा याचे 1 ते 5 असे गुण देते. 5 म्हणजे रंग अजिबात लागला नाही. काळा, नेव्ही, मरून हे रंग ओल्या घासणीत हमखास कमी गुण मिळवतात. कोकणातल्या घामट हवेत विकायचं असेल तर घामाची चाचणीही करून घ्यावी. छापील टी-शर्टसाठी आणखी एक गोष्ट: प्लास्टिसोल शाई साधारण 160 अंश सेल्सियसला पक्की होते. भट्टीतून माल घाईने काढला तर छपाई त्या दिवशी सुंदर दिसते आणि काही धुण्यांत तडकते. छापलेला एक नग ताणून, धुऊन, पुन्हा ताणून बघितल्याशिवाय बाकीच्यांना हिरवा कंदील देऊ नये.

माप आणि नमुना

"मीडियम" म्हणजे किती, यावर दोन ब्रँडांचं एकमत सापडणं कठीण. भारतीयांच्या अंगाची प्रमाणित मापं ठरवण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, इंडियासाइझ हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत 25 हजारांहून अधिक लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा हा प्रकल्प आहे. नव्या ब्रँडला त्यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की परदेशी तक्ता उचलून चालत नाही. आपलं गिऱ्हाईक कोण, हे ठरवून त्याच्यासाठी स्वतःचा तक्ता करावा लागतो.

हा तक्ता म्हणजे ज्याला धंद्यात टेकपॅक म्हणतात त्याचा कणा. छाती, उंची, खांदा, मुंढा, बाही, गळा, घेर यांचं प्रत्येक साइझचं माप, ते नेमकं कुठून कुठपर्यंत घ्यायचं याची आकृती, आणि किती फरक चालेल हे त्यात असतं. छाती "मुंढ्याच्या एक इंच खाली, कपडा सपाट ठेवून" मोजायची असं लिहिलं नसेल, तर तुमची आणि मास्टरची टेप एकच असूनही माप वेगळं येईल. पुढे शिलाईचा तपशील: इंचाला टाके किती, कोणती शिवण ओव्हरलॉकवर आणि कोणती फ्लॅटलॉकवर, दोरा कोणता, गळ्याच्या पट्टीत लायक्रा आहे का, कॉलरला बकरम कोणतं. बकरम नीट चिकटलं नाही तर धुतल्यावर कॉलरवर फोड येतात. होजिअरीला बोथट टोकाची, बॉल पॉइंट सुई लागते. टोकदार सुई धागा तोडते आणि शिवणीजवळची बारीक भोकं धुतल्यावरच उघडी पडतात.

नमुना हा सगळ्यात फसवा टप्पा. तो शिवतो कारखान्यातला सर्वांत तरबेज कारागीर, एकटा, निवांतपणे. प्रत्यक्ष माल रांगेतून निघतो, जिथे एक जण दिवसभर फक्त खांदे जोडतो आणि दुसरा फक्त बाह्या. म्हणून पहिला नमुना फक्त अंगावर कसा बसतो एवढं पाहण्यापुरता. दुसऱ्या फेरीत सगळ्या साइझचा एकेक नग मागायचा, कारण मीडियम उत्तम बसला म्हणून डबल एक्सएल बसेलच असं नाही. तिसरा नमुना प्रत्यक्ष उत्पादनाच्या कापडाचा, खऱ्या बटणांचा, खऱ्या लेबलचा, आणि जमल्यास त्याच रांगेवर शिवलेला. तो धुवायचा, कोणाला तरी दिवसभर घालायला द्यायचा, बसायला, हात वर करायला, वाकायला सांगायचं. पसंत पडला की त्याचे दोन नग सीलबंद करून दोघांच्या सहीने एकेक जवळ ठेवायचा. पुढे वाद झाला तर आठवणीतल्या बोलण्यापेक्षा हा नग उपयोगी पडतो.

किती, आणि कधी

कारखाने किमान नगांची अट घालतात ती अडवणूक म्हणून नाही. खास छटा रंगवायची तर रंगाईचं यंत्र बऱ्यापैकी भरावं लागतं, आणि नव्या डिझाइनला रांगेचा हात बसेपर्यंत उत्पादन कमीच निघतं. यातून वाट काढायची तर रंग तयार साठ्यातले घ्यावेत आणि डिझाइन कमी ठेवावीत. पाच डिझाइनांचे शंभर-शंभर नग काढण्यापेक्षा एका डिझाइनचे पाचशे नग काढणं स्वस्तही पडतं आणि चुकाही कमी होतात. साइझचं प्रमाणही विचाराने ठरवावं. सगळ्या साइझ सारख्या कापल्या तर मधल्या आधी संपतात आणि टोकाच्या गोदामात राहतात.

दिनदर्शिका न पाहता तारीख देऊ नये. तिरुप्पूर पोंगल आणि दिवाळीला ओस पडतं. मुंबई-भिवंडीतले अनेक कारागीर होळी, ईद, छठला उत्तर प्रदेश-बिहारातल्या गावी जातात. पावसाळ्यात कापड वाळायला वेळ लागतो. दिवाळीला विकायचा माल दिवाळीच्या महिन्यात शिवायला घेतला, तर पुढची सगळी घाई तपासणीच्या वेळातून कापली जाते.

लेबल आणि बटणं सगळ्यात स्वस्त, आणि ती आली नाहीत म्हणूनच माल थांबतो. लेबल छापण्याआधी वैधमापनशास्त्राचे पॅकबंद वस्तूंबाबतचे 2011 चे नियम आणि त्यांतल्या दुरुस्त्या वाचाव्यात. किंमत, साइझ, उत्पादक किंवा ब्रँडमालकाचं नाव-पत्ता, मूळ देश, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं त्यात येतं. कारखान्याला लेबलं मोजून द्यावीत आणि उरलेली मोजून परत घ्यावीत. नापास झालेले नग तुमच्या लेबलसकट रस्त्यावर एक्स्पोर्ट सरप्लस म्हणून निम्म्या किमतीत दिसू लागले, तर तोटा नुसता मालाचा राहत नाही. पॅटर्न कोणाचा, उरलेलं कापड कोणाचं, नापास माल लेबल काढूनच विकायचा, हेही करारात घालावं.

तपासणी पैसे देण्याआधी

माल घरी आल्यावर खोके उघडून तपासणं म्हणजे नुसती खंत करणं. तपासणी तीन वेळा होते. कापड कापण्याआधी, रांगेतून पहिले काही नग निघाल्यावर, आणि सगळा माल तयार झाल्यावर. कापडासाठी चार गुणांची पद्धत चालते. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, नऊ इंचांवरच्याला चार. शंभर चौरस यार्डांत 40 पेक्षा जास्त गुण झाले तर तागा सहसा नाकारतात. कापडातला दोष कापण्याआधी सापडला तर तागा परत जातो. शिवल्यावर सापडला तर त्यावर शिलाई, बटणं, इस्त्री सगळं चढलेलं असतं.

अंतिम तपासणीला जगभर एक ठरलेला तक्ता वापरतात, आयएसओ 2859-1. त्याचं मूळ अमेरिकी लष्कराच्या खरेदीच्या नियमांत आहे. नेहमीच्या पातळीवर 500 नगांच्या मालातून 50 नग यादृच्छिक निवडायचे. दोषांची मान्य मर्यादा 2.5 टक्के ठरली असेल तर मोठे दोष असलेले तीन नग निघेपर्यंत माल पास, चौथा निघाला की नापास. निवड कारखानदाराने करायची नाही. खालच्या, मागच्या, बंद खोक्यांतून तुम्ही करायची. मोठा दोष कशाला म्हणायचं, लहान कशाला, हे आधी ठरलेलं असावं. तुटलेल्या सुईचा तुकडा कपड्यात राहणं हा मात्र एकदाही न चालणारा दोष. चांगल्या कारखान्यात मोडक्या सुईचे सगळे तुकडे जमा केल्याशिवाय कारागिराला नवी सुई मिळत नाही. कारखाना पाहायला गेल्यावर हा नियम पाळतात का, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

आणि या सगळ्याला जोर असतो तो उरलेल्या पैशांचा. आगाऊ रक्कम द्यावीच लागते, पण शेवटचा हप्ता तपासणी पास झाल्यावर द्यायचा, हे ऑर्डरमध्ये लिहिलेलं असावं. पूर्ण पैसे आधी गेले की तुमच्या तक्रारीला कारखान्यात फारशी घाई उरत नाही.

इतकं करूनही पहिल्या खेपेत काही ना काही सुटणारच, म्हणून ती खेप बुडाली तरी धंदा उभा राहील एवढीच ठेवावी. प्रत्येक कपड्यावर खेपेचा क्रमांक टाकावा आणि परत आलेल्या प्रत्येक नगाची नोंद त्या क्रमांकासमोर करावी: गळा सैल झाला, रंग गेला, बटण तुटलं. यातली प्रत्येक तक्रार म्हणजे टेकपॅकमध्ये राहून गेलेली एक अट आहे. ती दुसऱ्या ऑर्डरच्या कागदावर आकड्यासकट चढवावी. जुन्या ब्रँडांकडे आज जे जाडजूड टेकपॅक असतात, ते असेच एकेका परत आलेल्या कपड्याने वाढत गेलेले असतात.